नाकाची परवानगी

माझं नाक वापरू का, असं विचारणारं पत्र मला एकदा आलं होतं. निळं आंतरदेशीय, आत मोजक्या ओळी, खाली सही: मालती पांचाळ. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. एरवी मी उत्तरं देणारा माणूस आहे. वाचनालयाची वर्गणी किती, एवढंच विचारणाऱ्यालाही मी 'सप्रेम नमस्कार' लिहून उत्तर पाठवलेलं आहे. हे एक राहिलं. ही हकिगत सांगण्याइतकी मोठी आहे का, याची मला खात्री नाही. पण नाकापासून सुरुवात केलीच आहे, तर सांगतो.

"उभे राहा," पांचाळबाई म्हणाल्या.

"मी पाटीचं माप घ्यायला आलोय."

"घ्या की. आधी त्या पेटीवर उभे राहा."

कोल्हापुरात त्यांची पत्र्याची शेड होती. आत शाडू मातीचे ढीग, प्लास्टरचे सुटे हात, कुणाकुणाची डोकी, आणि मधोमध एक पुरुषभर उंचीचा मातीचा आकार, अंगावर ओलं पोतं पांघरून उभा. मी त्या वेळी कराडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. गावाबाहेर हायवेला लागून विलासराव खराडे 'जत्रानगरी' उभारत होते. म्हणजे बारा महिने चालणारी जत्रा: आकाशपाळणा, मौत का कुआँ, आरशांचा तंबू, रेवड्यांची दुकानं, आणि आत शिरायला तिकीट. दारातच विलासरावांना त्यांच्या वडिलांचा ब्राँझचा पुतळा हवा होता. वडील, दौलतनाना, लाकडी पाळणा बैलगाडीत घालून गावोगावच्या जत्रांना जायचे आणि तो हाताने फिरवायचे. त्या एका पाळण्यातून पुढचं सगळं उभं राहिलं होतं. पुतळ्याखालच्या पाटीवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात पुस्तकं वाचणारा आणि मानधन मागायला लाजणारा मीच होतो.

"उकिडवे ना तुम्ही?" बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव उकिडवे आणि खुर्ची शोधताय. चढा पेटीवर."

मी चढलो. नाही म्हणायला मला नेहमी जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोक पुढचं बोलून मोकळे होतात.

"नाना शिडशिडीत होते म्हणे. खांदे पुढं आलेले, मान जरा खाली. असा माणूस मला कोल्हापुरात मिळेना. इथं सगळे तालमीतले. हात वर करा. पाळण्याची फळी धरलीय असं समजा."

"मला पाळण्यात बसलं की गरगरतं."

"तुम्हाला बसायचं नाहीये. फिरवायचाय."

अशा रीतीने मी दर रविवारी एसटीने कोल्हापूरला जाऊ लागलो. नानांचं धोतर, पैरण आणि फेटा घरच्यांनी आणून दिला होता. ते सगळं चढवून मी पेटीवर उभा राहायचो आणि बाई मातीत माझे खांदे, मनगटं, पोटऱ्या करायच्या. माझ्या पोटऱ्यांकडे कुणी गांभीर्याने पाहण्याची ती पहिलीच वेळ. बाई पन्नाशीच्या आसपास होत्या, केसांत माती, साडीचा पदर कमरेला खोचलेला. काम करताना त्या माझ्याशी असं बोलायच्या, जणू मी एखादं अडलेलं दार आहे.

"श्वास घेतला तरी चालेल हं," त्या म्हणायच्या. "पुतळा तो आहे, तुम्ही नाही."

खरी अडचण चेहऱ्याची होती. नानांचा एकही फोटो नव्हता. जत्रेत धंदा करणारा माणूस जत्रेत गिऱ्हाईक होत नाही, असा त्यांचा नियम. शेजारच्या तंबूत फोटोवाला पडद्यावर ताजमहाल रंगवून बसलेला असायचा, पण नाना त्याच्यासमोर कधी बसले नाहीत. एक फोटो मिळाला होता. त्यात ते पाळण्याच्या पेटीमागे होते आणि खाली फक्त पाय दिसत होते. पाय मात्र स्पष्ट आले होते.

"पाय हुबेहूब होतील," बाई म्हणाल्या. "लोकांनी पायाच पडायचंय. पण विलासरावांना तोंड पाहिजे."

मग चेहरा आठवणीतून करायचं ठरलं. विलासराव आणि त्यांची आत्या, म्हणजे नानांची बहीण भागूआत्या, शेडमध्ये यायचे आणि बाई त्यांचं ऐकून माती दाबायच्या.

"कपाळ मोठं करा," विलासराव सांगायचे. "आणि मिशी भरघोस. नजर अशी पाहिजे, लांब बघणारी. दूरदृष्टीचा माणूस होता."

"कसली दूरदृष्टी?" भागूआत्या म्हणायची. "त्येला शेजारच्या पंढ्याच्या म्हशीत आन आपल्या म्हशीत फरक दिसत न्हवता. आन नाक आमच्यासारखं पायजे. ह्ये बघा, आसं." आणि ती आपलं नाक बाईंसमोर धरायची.

"आत्ते, तुझं नाक पुतळ्याला कसं शोभंल?"

"का? मी काय नकटी हाय?"

असं दोनतीनदा झालं. दर वेळी कपाळ वाढलं, मिशी वाढली, नाक एकदा आत्यासारखं झालं, एकदा विलासरावांसारखं. शेवटी जे तयार झालं ते पाहून मला पोलीस चौकीतल्या भिंतीवरचे फरारी लोक आठवले. मी तसं बोललो नाही. बाईच बोलल्या.

"हा कुणाचा बाप नाही. ही ग्रामसभा आहे."

नानांच्या पत्नी, हौसाबाई, अजून एकदाही आल्या नव्हत्या. "मी काय बघायची? बघून झालंया," असा निरोप यायचा. पण शेवटची मंजुरी त्यांचीच, हे विलासरावांनी कबूल केलं होतं. एका रविवारी दुपारी त्या येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर साचा घ्यायचा. नाही तर मुंबईहून फायबरचा तयार पुतळा आणायचा, असं विलासराव माझ्यासमोरच म्हणाले. फेटेवाला माणूस तिकडे तयार साच्यात मिळत होता.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा मातीच्या आकृतीला डोकं नव्हतं. बाईंनी ते मुरगाळून काढलं होतं आणि त्या ढिगावर बसून चहा पीत होत्या.

"अहो, ते दुपारी येणार," मी म्हणालो.

"येऊ देत."

"मग फायबरचा पुतळा आणतील."

"उकिडवे, मला आयुष्यभर अर्धपुतळेच मिळाले. छातीखाली माझ्यावर कुणी विश्वासच टाकला नाही. हा पहिला पूर्ण माणूस. त्याच्यावर मी तो बहुरूपी बसवणार नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "फेटा बांधा आणि चढा."

"आता कशाला? अंग तर झालं."

"फेट्याचा शेमला राहिलाय."

मी चढलो. मान डावीकडे, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आकृती माझ्या मागे उजवीकडे होती, त्यामुळे त्या काय करताहेत ते मला दिसत नव्हतं. मधेच त्या लोखंडी कंपास घेऊन आल्या आणि त्याची दोन टोकं माझ्या नाकाला लावली. थंड लागलं.

"शेमल्यासाठी नाक कशाला मोजता?"

"प्रमाण असतं, प्रमाण. हलू नका."

मग कान मोजले. मग हनुवटी. शेमल्याचं प्रमाण फार गुंतागुंतीचं असावं असं मला वाटलं. शिल्पकलेवर मी दोन पुस्तकं वाचली होती, त्यांत हे नव्हतं. पण पुस्तकांत सगळं असतंच असं नाही.

"काहीतरी बोला," बाई म्हणाल्या. "चेहरा मेलाय."

"काय बोलू?"

"पाटीवर काय लिहिलंय ते सांगा."

"अजून ठरलं नाही. विलासरावांना 'उद्योगमहर्षी' हवंय. मी एक ओळ लिहिली होती, पण ती चांगली आहे की नाही कळत नाही."

"म्हणा की."

"'पाळण्यात वर गेलेल्या प्रत्येकाला यांनी सुखरूप खाली आणलं.'"

मागे हात थांबल्याचं जाणवलं. ओळ वाईट असणार असं समजून मी खाली बघितलं.

"तसंच," त्या एकदम म्हणाल्या. "तसंच राहा. आता मान वर केलीत तर खिळे ठोकीन."

जीप वाजली तेव्हा मी पडद्यामागे कपडे बदलत होतो. बाहेर आलो ते माझ्या नेहमीच्या शर्टात, खांद्याला शबनम, आणि कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या हातांशेजारी उभा राहिलो. विलासराव आले, भागूआत्या आली, आणि तिच्यामागून नऊवारी नेसलेल्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या हौसाबाई. बाईंनी ओलं पोतं ओढलं.

फेटा बांधून, मिशी लावून, मी तिथे उभा होतो. माझं नाक. माझे कान, जे मला कधीच आवडले नाहीत. आणि चेहऱ्यावर, आपण इथे कसे आलो, आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा भाव. मी आरशात फार बघत नाही, तरी लगेच ओळखलं. कानशिलं तापली. आता ही तीन माणसं एकदम माझ्याकडे वळणार, या कल्पनेने मी शबनमीत हात घालून काहीतरी शोधू लागलो.

कुणी वळलं नाही.

"हे कोण?" विलासराव म्हणाले.

"तुमचे वडील," बाई म्हणाल्या.

"पण गेल्या वेळेला तर..." ते वळून नेमके माझ्याकडे आले. माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "काय हो ग्रंथपाल, तुम्ही शिकलेले. तुम्हाला हा चेहरा कुठं बघितल्यासारखा वाटतोय का?"

"मला... नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी. ओळखीचा वाटतो, पण कुणाचा ते कळंना."

"नाक आमच्या घरचं न्हाई," भागूआत्याने निकाल दिला. "ह्ये कुणाच्या तरी मास्तराचं नाक हाय."

बाई माती लागलेले हात साडीला पुसत शांतपणे उभ्या होत्या. पण त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सारखा फिरत होता, हे मला दिसलं. इतक्या रविवारांत त्यांचे हात असे रिकामे मी पाहिले नव्हते.

हौसाबाई पुढे झाल्या. त्यांनी आकृतीभोवती सावकाश एक फेरी घातली. पाय पाहिले. वर उचललेला हात पाहिला. मग समोर येऊन तोंडाकडे बघत राहिल्या. आणि मग मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. पुन्हा पुतळ्याकडे. पुन्हा माझ्याकडे. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. खांदे हलत होते. विलासरावांना वाटलं आई रडते आहे.

"आई, नको असंल तर..."

"ह्येच ते," हौसाबाई म्हणाल्या.

"अगं पण नाक..."

"भागे, तू लगीन होऊन गेलीस तवा त्येचं नाक लहान हुतं. मागनं वाढलं." त्या विलासरावांकडे वळल्या. "आन तू जल्मलास तवा त्यो जत्रंत. तुझ्या बारशाला त्यो जत्रंत. तुला काय ठावं कसा दिसायचा? ह्येच ते. मिशी तेवढी बारीक करा बाई. एवढी न्हवती."

विलासराव साच्याचं बोलू लागले. भागूआत्या जीपकडे जाताना "वाढलं म्हणं नाक" असं पुटपुटत होती. हौसाबाई सगळ्यांच्या मागे रेंगाळल्या आणि माझ्या शेजारी थांबल्या.

"काय वं, घाबरलासा?"

"आजी, तो चेहरा माझा आहे," मी हळूच म्हणालो. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं असं मला वाटलं.

"डोळं हाईत मला." त्या हसल्या. "आवं, पाळण्याजवळ आलेली समदी मान्सं वर बघायची. खाली फिरवणाऱ्याच्या तोंडाकडं कोन बघतंय? ते आसंच हुबं ऱ्हायचे, आपून मधीच आलुया कुणाच्या तरी, आसं. नाकाचं काय घिऊन बसला? त्ये लाजणं कसं काय केलं बाईंनी, ह्येचंच मला नवाल वाटतंय."

जाताजाता त्यांनी शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाटीवर काय लिवलंय रं इलास?" विलासरावांनी मी शबनमीतून काढून दिलेला कागद घेऊन ती ओळ वाचली. भागूआत्या जीपमधून ओरडली, "वर गेलेल्यांना खाली आनलं? मेलेल्यांना काय?"

मी ती ओळ परत घ्यायला पुढे झालो. हौसाबाईंनी कागद आपल्या कमरेला खोचला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

पत्र त्यानंतर महिन्याभराने आलं. मातीवरून साचा घेतला होता, साच्यात मेण ओतलं होतं. 'मेणात अजून काहीही बदलता येतं,' बाईंनी लिहिलं होतं, 'ब्राँझमध्ये नाही. हौसाबाईंचा होकार आहे, पण नाक तुमचं आहे, आणि तुम्हाला मी विचारलं नव्हतं. वापरू का? नको असेल तर बदलते, राग मानणार नाही. दसरा झाला की भट्टी लावणार. हो की नाही, एवढंच कळवा.'

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं. 'हरकत नाही' असं लिहिलं. ते फार आढ्यतेचं वाटलं, माझ्या नाकाला बाजारात मागणी असल्यासारखं. फाडलं. 'कृपया बदलावं' असं लिहिलं. ते वाचून मी उठून आरशात नाक बघून आलो, का ते कळेना. तेही फाडलं. दसरा आला आणि गेला. माझ्याकडून उत्तर गेलं नाही, आणि भट्टी लागली.

गुढीपाडव्याला अनावरण झालं. उन्हाने डोकं तापत होतं आणि मी कानटोपी घालून सगळ्यांत मागे उभा होतो.

"ताप आलाय का हो?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

"अंगात थोडी कसर आहे," मी म्हणालो.

पाहुण्यांनी दोरी ओढली. त्यांनी भाषणात नानांच्या मुद्रेवरच्या तेजाचा, कणखर जबड्याचा आणि आकाशाला गवसणी घालणाऱ्या नजरेचा उल्लेख केला. पुतळा खाली बघत होता. टाळ्या झाल्या. पांचाळबाईंना शाल आणि नारळ दिला, तेव्हा मंचावरून त्यांनी गर्दीत नजर फिरवली, कानटोपी शोधून काढली आणि एक बोट आपल्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. प्रश्न विचारल्यासारखं. मी बुटांकडे बघितलं.

जत्रानगरी चांगली चालली. मी तिकडे फिरकत नव्हतो, पण कानावर यायचं. आकाशपाळण्यात बसण्याआधी नानांच्या नाकावर हात फिरवला की गरगरत नाही, असं पोरांत कुणीतरी उठवलं. सहली यायच्या आणि रांगेने नाक घासून पुढे जायच्या. निवृत्त झाल्यावर एकदा मी तिकीट काढून आत गेलो. सगळा पुतळा काळपट तपकिरी झालेला, आणि नाक तेवढं सोन्यासारखं चमकत होतं. पाटीवर माझी ओळ होती. विलासरावांनी 'उद्योगमहर्षी' घातलं नव्हतं. त्या कमरेच्या कागदापुढे त्यांचं काही चाललं नसावं. मी जरा जवळ गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून नाकावर बोट टेकवलं. ऊन लागून ते गरम झालं होतं.

"ओ काका," मागून एक बाई म्हणाल्या. "जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी बाजूला झालो.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण गेल्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी आली. जत्रानगरी आता विलासरावांची मुलगी चालवते. पुतळ्याचं नाक घासून इतकं झिजलं आहे की ते नव्याने भरायला हवं, म्हणून ती शिल्पकार मालती पांचाळ यांच्याकडे गेली होती. वय झालेलं असूनही पांचाळबाई अजून काम करतात, असं बातमीत होतं. नाक भरून देणार का, असं वार्ताहराने विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'त्या नाकाबद्दल मी एक पत्र पाठवलेलं आहे. मालकाचं उत्तर आल्याशिवाय हात लावणार नाही.' वार्ताहराने पुढे कंसात 'हसतात' असं लिहिलं होतं. त्याला काही कळलं नसावं.

मी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली. मग कपाटातून जुनी आंतरदेशीय पत्रं काढली. एक शिल्लक होतं. त्याची किंमत आता पुरत नसेल म्हणून वर जास्तीची तिकिटं चिकटवली.

'श्रीमती पांचाळ यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. उत्तराला जरा उशीर झाला, क्षमा असावी. नाक वापरावं.

झिजलं आहे ते शक्यतो भरू नये. इतकी वर्षं घासल्यावर ते निम्मं पोरांचं झालं आहे, एकट्या माझ्या परवानगीने चालेल असं वाटत नाही. पण भरायचंच ठरलं तर मापासाठी माणूस लागेल. मी रविवारी मोकळा असतो. तसा इतर वारीही असतो. त्या पेटीवर उभा असताना आपण बघितलंत, तेवढा वेळ माझ्याकडे एरवी कुणी बघितलेलं नाही, आणि ते बघणं मला आवडलं होतं. हे त्याच वेळी कळवायला हवं होतं. वाक्य जमलं नाही.

आपला,
मनोहर उकिडवे

ता. क. मिशी मला अजूनही जाडच वाटते.'

पत्र चिकटवून मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. ताजा कलम लिहायला नको होता असं वाटलं. त्याआधीचं, ते बघणं आवडल्याचं वाक्य तर मुळीच नको होतं. तोवर पत्र आत पडलं होतं. मी चार पावलं चाललो, परत आलो, आणि इकडेतिकडे बघून पेटीच्या तोंडात हात घातला. बोटं पोचली नाहीत.

बरं झालं.